धुऊन घेतलेले बालपण

बालपणाच्या मराठी आठवणी आपण बहुधा आईची शिकवण म्हणून वाचतो. याचे मोठे श्रेय ‘श्यामची आई’चे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहायला घेतले, आणि ‘संस्कार’ या शब्दाला घरोघरी एक चेहरा मिळाला. तळपायांना माती लागू नये म्हणून हटून बसलेला श्याम आणि त्याच्यासाठी ओचे पसरणारी आई सर्वांना ठाऊक आहेत. मोळीची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. एका महार म्हातारीची लाकडांची मोळी खाली पडते. शिवायची कोणाची तयारी नसते. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे आणि घरी येऊन अंघोळ कर.

एका दमात दोन संस्कार झाले. दया शिकवली आणि विटाळही शिकवला. आईला त्यात विसंगती वाटत नाही. तिच्या लेखी दोन्ही धर्मच. मुलाच्या पदरात दोन्ही एकत्र पडले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी प्राणांतिक उपोषणाला बसले, तेव्हा आईच्या त्या सांगण्यातला पहिला अर्धा भाग त्यांनी ठेवला होता आणि दुसरा केव्हाच टाकला होता. घडण म्हणतात ती बरीचशी अशा निवडीतून होते. आपली संस्कारवर्गांची पुस्तके फक्त ठेवलेला भाग छापतात, ही माझी जुनी तक्रार.

हीच अंघोळ लक्ष्मीबाई टिळकांच्या घरी वेडापर्यंत गेली होती. १८५७च्या बंडानंतर त्यांच्या आजोबांना, वासुदेव भगवंत जोगळेकरांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळे शिरले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यायची नाही! ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाई हे सारे हसतहसत सांगतात, पण त्या हसण्याखाली सरकारी दहशतीने हादरलेला एक माणूस आहे. त्याची भीती मुलांपर्यंत पोचली ती शिस्तीच्या रूपात. मुलांना फाशी दिसली नाही, पाणी दिसले. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याजवळ राहायला गेल्या, तरी सोवळे बरोबर घेऊनच गेल्या. १९००मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधली वर्षे त्या नव्या धर्मापेक्षा माहेरच्या पाण्याशीच अधिक झगडत होत्या, असे मला वाटते.

आता उंबऱ्याच्या बाहेर येऊ. उर्मिला पवार १९४५ साली जन्मल्या, साने गुरुजींच्याच रत्नागिरी जिल्ह्यात. वडील शिक्षक; मुलांनी शिकावे हा त्यांचा आग्रह. ते लवकर गेले आणि आईने बांबूची सुपे-टोपल्या विणून घर चालवले. ‘आयदान’ (२००३) हे नाव त्या विणकामाचे. विणलेल्या वस्तू गावात पोचवायचे काम मुलीकडे असे. ती उंबऱ्याबाहेर उभी राही, टोपली खाली ठेवी. घरातली माणसे टोपलीवर पाणी शिंपडत, मगच ती उचलत. पैसे वरून हातावर टाकत.

शिंपडणाऱ्या घरात त्या पाण्याला वळण म्हणत असतील. तेच पाणी बाहेरच्या मुलीलाही घडवत होते, आणि तिच्या आईने काय शिकवले याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. आई विणत राहिली. आपले लेखन आणि आईचे विणणे यांचे नाते उर्मिलाताईंनी स्वतःच सांगितले आहे.

त्या घरांतूनही एखादे मूल दारामागे उभे राहून ते शिंपडणे पाहत असणार. लक्ष्मीबाईंनी आपल्या घराचे पाणी लिहून ठेवले. त्या दारामागच्या मुलाची आठवण मराठी आत्मचरित्रांत क्वचितच भेटते.