उभ्या मोटारीची भूक

शाळा सुटावयास दहा-पंधरा मिनिटें अवकाश असतो, तोंच आमच्या फाटकाबाहेर मोटारींची रांग लागते. पावसाळ्याचे दिवस असले म्हणजे गाड्यांच्या कांचा वर केलेल्या, आंत थंड हवेचें यंत्र चालू, आणि इंजिन मंदपणें घुमत असलेलें असें दृश्य नित्य दिसतें. गाडी उभी आहे, तेव्हां ती फारसें कांहीं खात नाहीं, असा बहुतेकांचा समज असतो. गेल्या पावसाळ्यापर्यंत आमचाही समज तसाच होता. तो कसा दूर झाला हें सांगून त्यामागील शास्त्र विद्यार्थ्यांपुढें मांडावें, असें आम्हीं योजिलें आहे.

नात्यांतील एका वृद्ध गृहस्थांस कोल्हापूरच्या एका रुग्णालयांत सकाळीं अकराच्या आंत पोंचवावयाचें होतें. पहाटे आम्हीं मालवण सोडलें. फोंडाघाट गांवीं आलों तेव्हां डॅशबोर्डावर ‘शिल्लक ८१ किलोमीटर’ असा आंकडा दिसत होता. राधानगरी त्याहून पुष्कळ अलीकडे. तेथें पेट्रोल घेऊं, असा विचार करून आम्ही घाट चढूं लागलों. चढण संपत आली, तों रस्त्यावर भलें मोठें झाड आडवें पडलेलें. दीड तास खोळंबा झाला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आजाऱ्याचा जीव घाबरा होत होता, म्हणून इंजिन व थंड हवा आम्हीं सारा वेळ चालू ठेविली. रस्ता मोकळा झाला तेव्हां आंकड्याकडे पाहिलें, तों तो २१ वर आलेला! मध्यंतरी आम्ही चाललों होतों जेमतेम पंधरा किलोमीटर. मग उरलेले पंचेचाळीस गेले कोठें?

पुढें दाजीपूरच्या रानांत गाडी थांबलीच. एका परोपकारी प्रवाशानें राधानगरीहून डब्यांतून पेट्रोल आणून दिलें. परंतु तोंपर्यंत दुपार झाली. रुग्णालयांत पोंचलों तेव्हां डॉक्टर निघून गेले होते, आणि त्या वृद्ध गृहस्थांस वेदना सोशीत दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावें लागलें. दोष गाडीचा नव्हता. दोष आमच्या अज्ञानाचा होता.

आतां उभ्या गाडीच्या इंजिनांत काय चालतें तें पाहूं. आपल्या बहुतेक गाड्यांचें इंजिन निकोलस ऑटो या जर्मन संशोधकानें १८७६ सालीं सिद्ध केलेल्या चार टप्प्यांच्या पद्धतीनें चालतें. इंधन व हवा आंत ओढणें, तें मिश्रण दाबणें, पेटविणें आणि धूर बाहेर टाकणें, हे ते चार टप्पे. या चारांपैकीं शक्ति मिळते ती केवळ एकांत. बाकीचे तीन टप्पे इंजिनास पूर्वीच्या जोरावर पार पाडावे लागतात. म्हणून इंजिनाचा वेग एका मर्यादेखालीं गेला तर पुढील मिश्रण दाबण्यापुरताही जोर उरत नाहीं, आणि तें गचका देऊन बंद पडतें. तें बंद पडूं नये इतक्याच किमान वेगानें त्यास फिरत ठेवणें, यास कारागीर ‘आयडलिंग’ म्हणतात.

हा वेग ज्या तबकडीवर दिसतो तिच्यावर १, २, ३ असे अंक असतात. ते हजारांचे समजावयाचे. तापलेल्या इंजिनाचा कांटा शून्य व एक यांच्यामध्यें, म्हणजे दर मिनिटास सुमारें ७०० ते ९०० फेऱ्यांवर स्थिर असावा. थंड इंजिन सकाळीं सुरू केल्यावर तो कांहीं वेळ हजाराच्या वर राहतो, आणि थंड हवा लावल्यास किंचित् चढतो. ही रोगाची खूण नव्हे. पूर्वींच्या कार्बुरेटरच्या गाड्यांत हा वेग कारागीर एका स्क्रूनें जुळवीत असे. आतां तें काम गाडींतील संगणक करितो. मात्र कांटा सारखा वरखालीं नाचत असेल, किंवा तापलेल्या इंजिनाचाही वेग उगाच चढा राहत असेल, तर हवेचा मार्ग मळलेला असण्याचा किंवा कोठें गळती असण्याचा संभव असतो. अशा वेळीं गाडी कारागिरास दाखवावी.

मिनिटास ८०० फेरे, आणि दर दोन फेऱ्यांस एक स्फोट. चार सिलिंडरच्या इंजिनांत हे स्फोट मिनिटास १६०० होतात! चाक तिळभरही हललेलें नसतें, तरी प्रत्येक स्फोटास इंधन लागतेंच. तें इंजिनाच्या अंगच्या घर्षणांत, तेलाचा व पाण्याचा पंप फिरविण्यांत, वीज निर्माण करण्यांत आणि थंड हवेच्या यंत्रांत खर्ची पडतें. गोठ्यांत बांधलेला बैल औत ओढीत नाहीं, म्हणून वैरण खावयाचें सोडीत नाहीं, तसेंच हें. लहान मोटार उभ्या उभ्या तासास अर्धा ते एक लिटर पेट्रोल संपविते. बसून खाणारास कुबेराचें धनही पुरत नाहीं. मग टाकींतील चार लिटरांची काय कथा!

राहिला ‘शिल्लक किलोमीटर’ हा आंकडा. तो म्हणजे पुढील रस्त्याचें भविष्य नव्हे. मागील रस्त्याचा हिशेब आहे. टाकींत एक तरंगता गोळा असतो. त्याच्या उंचीवरून किती पेट्रोल उरलें तें समजतें. गाडीनें अलीकडे लिटरमागें किती अंतर कापलें याची सरासरी संगणक ठेवितो. या दोहोंचा गुणाकार तो आपणांस दाखवितो. पुढें घाट आहे कीं सपाट महामार्ग, झाड पडलें आहे कीं दरड कोसळली आहे, हें त्यास ठाऊक नसतें. शिवाय चढावर पेट्रोल टाकीच्या एका बाजूस सरकतें आणि गोळाही फसतो.

आमचाच हिशेब विद्यार्थ्यांनीं ताडून पाहावा. फोंड्यास साडेचार लिटर पेट्रोल होतें आणि सरासरी १८ होती; ४·५ × १८ = ८१. घाटाच्या पंधरा किलोमीटरांस लिटरमागें दहाच्या हिशेबानें दीड लिटर लागलें. दीड तास उभें राहण्यास, तासास ०·८ लिटर धरून, १·२ लिटर गेलें. उरलें १·८ लिटर. आणि या खर्चानें सरासरीही उतरून १२ वर आली. १·८ × १२ म्हणजे साडेएकविसाच्या आंतबाहेर. म्हणजे संगणक खोटें बोलला नव्हता. आम्हांस त्याचें बोलणें समजलें नव्हतें.

यावरून कांहीं नियम सहज निघतात. आंबोली, करूळ, फोंडा असा कोणताही घाट चढण्यापूर्वीं, विशेषतः पावसाळ्यांत, टाकी निदान अर्धी भरलेली असावी. टाकी तळापर्यंत रिती होऊं देऊं नये. कारण आजच्या गाड्यांतील विजेचा पेट्रोलपंप टाकींतच असून त्यास थंडावा पेट्रोलाचाच मिळतो. सुरक्षित जागीं दहा सेकंदांहून अधिक थांबावयाचें असल्यास इंजिन बंद करणेंच किफायतीचें. पुन्हा सुरू करण्यास त्याहून कमी इंधन लागतें. परंतु घाट उतरतांना इंजिन कधींही बंद करूं नये. तसें केल्यास ब्रेकास व सुकाणूस मिळणारें साहाय्य नाहींसें होतें आणि गाडी आवरत नाहीं. बचतही होत नाहीं. कारण आजचीं पेट्रोल इंजिनें गिअरमध्यें उतरतांना, पाय उचलतांच, बहुधा इंधन आपण होऊन तोडतात. आणि बंद गॅरेजांत तर गाडी क्षणभरही चालू ठेवूं नये. तिच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो प्राण घेतो.

आतां पुन्हा शाळेच्या फाटकाशीं येऊं. वीस गाड्या पंधरा मिनिटें इंजिन चालू ठेवून उभ्या राहिल्या, तर एकूण पांच तास झाले. तासास पाऊण लिटर धरल्यास रोज पावणेचार लिटर, आणि शाळेच्या दोनशें दिवसांत साडेसातशें लिटर पेट्रोल एकही पाऊल न चालतां जळतें. त्याचा धूर फाटकांतून बाहेर पडणाऱ्या लहान मुलांच्या नाकातोंडांत जातो तो निराळाच. पालकांस आमची नम्र विनंति इतकीच, कीं फाटकाशीं आल्यावर चावी फिरवावी. आणि आई किंवा बाबा विसरले, तर त्यांस आठवण देण्याचें काम, हा लेख वाचलेल्या मुलामुलींनीं आपल्याकडे घ्यावें.