टमाटराने रक्त वाढते काय?

"टमाटर लाल असतो, म्हणून तो खाल्ला की रक्त वाढते," ही समजूत आपल्याकडे घरोघरी आढळते. आलापल्ली-अहेरी भागातले रुग्ण मला हा प्रश्न नेहमी विचारतात. आज त्याचे उत्तर पाहू आणि टमाटर, म्हणजेच आपले भेदरे, दारात कसे लावावे तेही पाहू.

रंग वेगळा, रक्त वेगळे

टमाटराचा लाल रंग लायकोपीन या द्रव्याचा असतो. रक्ताला लागणारे लोह त्यात फार थोडे, 100 ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमही नसते. तरीही ही समजूत अगदीच निराधार नाही. आपल्या जेवणातील लोह मुख्यतः तरोटा, माठ, डाळी व धान्यातून येते. वनस्पतींमधील हे लोह शरीर सहजी शोषून घेत नाही. सोबत 'क' जीवनसत्त्व असेल तर ते अधिक शोषले जाते. 100 ग्रॅम पिकलेल्या टमाटरात 'क' जीवनसत्त्व सुमारे 20 ते 25 मिलिग्रॅम असते. म्हणजे टमाटर स्वतः रक्त वाढवत नाही. भाजीतले लोह अंगी लावायला मदत करतो.

हे जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते. म्हणून भात-वरणासोबत रोज एक टमाटर कच्चा, स्वच्छ धुऊन खावा. जेवताना किंवा जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये; चहा लोहाचे शोषण रोखतो. महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय असल्याचे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले आहे. मात्र टमाटर हे औषध नव्हे. थकवा, धाप, फिकटपणा असल्यास रक्त तपासून घ्यावे. सिकलसेलच्या रुग्णांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्या घेऊच नयेत.

मुतखड्याच्या भीतीने पुष्कळ लोक टमाटर सोडतात. खडा तयार करणारे ऑक्झलेट पालकाच्या मानाने टमाटरात फारच कमी असते. भरपूर पाणी पिणे जास्त महत्त्वाचे. मूत्रपिंडाचा जुना आजार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दारात चार रोपे

जुलै 2023 मध्ये टमाटर अनेक शहरांत 100 रुपये किलोच्या वर गेला होता. अशा वेळी गरिबाच्या ताटातून तो पहिला जातो. हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या सुरुवातीला तरी दारातली चार रोपे घराला आधार देतात.

नवशिक्याने पावसाळ्यात सुरुवात करू नये. आपल्याकडच्या पावसात मुळे कुजतात आणि कडक उन्हाळ्यात फुले गळतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी पेरावे. पुसा रूबी किंवा अर्का विकास हे वाण चालतील. त्यांचे बी पुढच्या वर्षासाठी राखता येते. संकरित वाणाचे बी राखून तसेच पीक येत नाही. साधारण आठवड्याभरात बी उगवते. रोप चार-पाच पानांचे, 25 ते 30 दिवसांचे झाले की दोन-दोन फुटांवर लावावे. खोडाचा खालचा भाग मातीत जाऊ द्यावा. तेथूनही मुळे फुटतात.

जागा नसेल तर तेलाच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोके पाडून दोन भाग माती व एक भाग कुजलेले शेणखत भरावे. दिवसाला पाच-सहा तास ऊन हवे. आधाराला बांबूची काठी रोवावी. पाणी मुळाशी आणि नियमित द्यावे. कधी कोरडे, कधी चिंब झाले की फळे तडकतात. लावणीपासून दोन-अडीच महिन्यांत फळ हाती येते.

चार पथ्ये

पहिले, डब्याखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा. दुसरे, खर्रा घोटलेल्या हाताने रोपाला शिवू नये. तंबाखूतील विषाणू हातांवाटे टमाटराला लागतो आणि पाने चट्टेरी होतात. खर्रा रोपालाही बाधतो, माणसाचे तर बोलायलाच नको! तिसरे, कपाशीचे कीटकनाशक घरच्या रोपांवर मारू नये. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-मजुरांचे प्राण गेले, हे विसरता कामा नये. कीड दिसल्यास 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळून फवारावी. चौथे, पालापाचोळ्याचा ढीग दाराशी करू नये. विंचू-सापाचे भय असते.

पोपटीचे मेक्सिकन भावंड

आपल्या रानात कागदी आवरणातली पोपटी किंवा चिरबोटी मिळते. मेक्सिकोत तिचे मोठे भावंड, टोमॅटिलो, चटणीसाठी पिकवतात. बी मिळालेच तर किमान दोन झाडे लावावीत, कारण एकट्या झाडाला सहसा फळ धरत नाही. टमाटराला ही अडचण नाही. मुलांना मात्र सांगून ठेवावे, की रानातल्या पोपटीची हिरवी कच्ची फळे व पाने खाऊ नयेत. पिकून पिवळे झालेले फळच खावे. टमाटराचीही पाने खाण्याजोगी नसतात.

ज्या घरात गरोदर बाई किंवा वाढत्या वयाची मुलगी आहे, तेथे यंदा दोन तरी रोपे लावावीत. आणि पहिले फळ तिच्या ताटात पडावे.