होडी कलते का, सावरते का

एरवी या कार्यक्रमात आम्ही बियाणं, बचत गटाची वही, पोरांचं आजारपण असं बोलतो. आज होडीच्या बांधणीबद्दल बोलणार आहोत, आणि ते उगाच नाही. धरणाच्या फुगवट्यानं ज्यांची वाट तोडली, खाडीपलीकडे ज्यांचा बाजार आहे, अशा आपल्यातल्या कितीतरी जणी होडीत बसतात. कडेवर मूल, पायाशी पाटी. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण बुडाले, ते तुम्ही ऐकलंच असेल. अशी बातमी आली की आपण म्हणतो, वारा सुटला. वारा तर सुटणारच. पण कुठलीही होडी वाऱ्यात किती कलेल आणि कलल्यावर सावरेल की नाही, हे बरंचसं ती बांधताना आणि भरताना ठरतं. हे माणसांना कळलं कसं, ते ऐका.

युरोपात स्वीडन नावाचा थंडीचा देश आहे. तिथल्या राजाने ‘वासा’ नावाची मोठी युद्धनौका बांधून घेतली. चौसष्ट तोफा, त्यातल्या बऱ्याचशा एकावर एक अशा दोन मजल्यांवर. ती निघण्याआधी धक्क्यावरच एक परीक्षा झाली. तीस खलाशांना या कडेपासून त्या कडेपर्यंत पळायला सांगितलं. तिसऱ्या फेरीला जहाज इतकं डोलायला लागलं की पळणं थांबवावं लागलं. म्हणजे दुखणं कळलं होतं! पण राजाला घाई होती. १० ऑगस्ट १६२८ रोजी जहाज स्टॉकहोमहून निघालं, सव्वा किलोमीटरच्या आसपास गेलं, वाऱ्याची एक झुळूक आली आणि ते कललं. तोफांच्या खालच्या खिडक्या उघड्या होत्या, त्यातून पाणी आत शिरलं आणि जहाज बुडालं. सुमारे तीस माणसं गेली. पहिलीच फेरी म्हणून खलाशांच्या बायका-मुलंही जहाजावर होती. चौकशी झाली, शिक्षा मात्र कुणालाच झाली नाही.

दुखणं काय होतं, ते घरी बघता येतं. पत्र्याचा एक उंच, रिकामा डबा पाण्याच्या टबात उभा सोडा. लगेच आडवा होईल. आता त्यात तळाशी दोन-तीन मुठी वाळू घाला. डबा पाण्यात उभा राहील, बोटाने कलवला तरी परत सरळ होईल. तीच वाळू पिशवीत बांधून झाकणावर ठेवा. वजन तेवढंच, पण डबा कलंडणार. ‘वासा’च्या तळाशी दगड भरले होते, पण वरच्या मजल्यांच्या आणि तोफांच्या मानाने ते पुरले नाहीत.

होडी कलते तेव्हा ज्या बाजूला कलते ती बाजू जास्त बुडते, आणि पाणी त्याच बाजूने तिला वर ढकलतं. त्यामुळे होडी सावरते. पण होडीतलं वजन फार उंचावर असेल, तर कलताना ते वजनही बाहेरच्या अंगाला झुकतं आणि पाण्याच्या ढकलण्यावर मात करतं. मग सावरणं नाही. याचं नीट गणित पिएर बुगेर या फ्रेंच विद्वानाने १७४६ साली पुस्तकात मांडलं. आज नवं जहाज पाण्यात उतरलं की त्याची परीक्षा घेतात, पण माणसं पळवून नाही. मापलेलं वजन डेकवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवतात आणि आत टांगलेला ओळंबा किती हलला ते मोजतात. गवंड्याकडे असतो तोच ओळंबा. त्यावरून जहाजाचा सगळा भार किती उंचीवर आहे, ते काढता येतं.

काठ जवळ आला की होडीतली सगळी माणसं एकदम उभी राहतात आणि उतरायच्या बाजूला जातात, हे आपण रोज बघतो. त्यात वजन वरही जातं आणि एका अंगालाही जातं. झाकणावरची वाळू आठवा. होडीत साचलेलं पाणीही असंच घात करतं. परातीत पाणी घेऊन चालताना ते कसं एका कडेला धावतं? होडी कलली की आतलं पाणी कललेल्या बाजूलाच धावतं. म्हणून पाणी उपसून टाकायचं ते नुसते पाय भिजू नयेत म्हणून नाही.

आता दुसरा प्रश्न. कुठल्या आकाराची होडी कमी जोरात चालेल? इंग्लंडमधल्या विल्यम फ्रूड नावाच्या इंजिनियरला याने पछाडलं होतं. नाक जितकं धारदार तितकं जहाज सोपं पळतं, असा तेव्हाचा समज. फ्रूडने १८६७ च्या सुमारास दोन जातींच्या लहान नौका केल्या. एकीचं नाव ‘रेव्हन’, नाकाने धारदार. दुसरी ‘स्वान’, हंसासारखी गोलसर. तीन, सहा आणि बारा फुटी अशा जोड्या करून त्या नदीत ओढून बघितल्या. सावकाश ओढलं तर धारदार नाकाची सोपी जायची, वेग वाढवला की गोलसर. म्हणजे सगळ्या वेगांना चांगला असा एकच आकार नाही, होडी कशासाठी वापरायची ते आधी ठरवावं लागतं.

जॉन स्कॉट रसेलसारख्या जाणत्या जहाजबांधकाचंही म्हणणं होतं की असल्या खेळण्यांवरून मोठ्या जहाजाचं काही कळणार नाही. फ्रूडने मेळ शोधून काढला होता: जहाज नमुन्याच्या पंचवीसपट लांब असेल, तर त्याचा वेग नमुन्याच्या पाचपट धरायचा, मग दोघांच्या लाटा सारख्या उठतात. पाण्याचं घर्षण मात्र वेगळं मोजायचं. त्यासाठी त्याने नुसत्या फळ्या पाण्यातून ओढल्या. सरकारने पैसे दिले आणि १८७२ मध्ये टॉर्की गावी, त्याच्या घराजवळ, २७८ फूट लांबीचा हौद चालू झाला. नमुने मेणाचे. आपल्यातल्या मेणबत्त्या करणाऱ्या गटांना यातली सोय लगेच कळेल: मेण तासायला सोपं, पाणी पीत नाही, आणि आकार चुकला तर वितळवून पुन्हा ओतता येतं. लाखोंचं जहाज बांधून चुकण्यापेक्षा मेण वितळवलेलं बरं. ‘ग्रेहाउंड’ नावाचं खरं जहाज समुद्रात ओढून त्याने आपला हिशोब ताडूनही दाखवला. आता कॉम्प्युटरवर बरंच काम होतं, तरी हौद लागतोच. आपल्याकडे विशाखापट्टणमला नौदलासाठी असा सुमारे पाचशे मीटर लांबीचा हौद आहे.

फळ्यांच्या त्या प्रयोगात खडबडीत फळीला जास्त जोर लागला. आपल्या कोकणातल्या दर्यावर्दी घरांना हे न मोजता ठाऊक होतं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या, बुडाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले खरवडायचे, तेल-रंग द्यायचा. आज डिझेलच्या भावात हे काम चुकवणं परवडत नाही.

आमची खरी काळजी पुढे आहे. वल्ह्यांसाठी बांधलेल्या होडीला इंजिन बसवतात, उन्हासाठी वर पत्रा टाकतात, मग पत्र्यावर सामान चढतं, सणाच्या दिवशी पोरंही चढतात. प्रत्येक बदल लहान वाटतो, पण होडी आता ती राहिलेली नसते, आणि नवा हिशोब कुणी केलेला नसतो. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने इंजिनाच्या बोटींची तपासणी आणि नोंदणी सांगितली आहे. तपासणीच्या दाखल्यावर किती माणसं न्यायची तो आकडा असतो. गटाने मिळून तो दाखला बघायला मागावा. एकटीला ‘ताई, बसा गप’ म्हणतील, दहा जणींना म्हणणं जड जातं. आणि पत्रा टाकल्यावर, इंजिन बसवल्यावर पुन्हा तपासणी झाली का, तेही त्याच वेळी विचारा.