मोटर नंतर, आधी भरती-ओहोटी!

बाइक इलेक्ट्रिक, कार इलेक्ट्रिक, ऑफिसची कॅबसुद्धा इलेक्ट्रिक... मग होडीनेच काय घोडं मारलंय? कोकणातली खाडीची राइड आठवा. दोन्ही बाजूंना कांदळवन, समोर निवांत पाणी आणि मागे फटफटणारं इंजिन! खंड्या दिसायच्या आधीच उडून जातो.

इलेक्ट्रिक होडीची आयडिया तशी जुनीच. १८३८ साली याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत बॅटरीवरची बोट चालवून दाखवली होती. आपल्याकडे केरळात वैकमला २०१७ मध्ये ७५ प्रवाशांची 'आदित्य' ही सोलर फेरीबोट सुरू झाली. २०२३ मध्ये कोचीत वॉटर मेट्रो आली. या सगळ्यांत एक गोष्ट कॉमन आहे : फेरा ठरलेला, अंतर माहितीचं. इलेक्ट्रिक सिस्टिम निवडायचा सगळा फंडा इथेच आहे.

हे मला कळलं ते मामेभावामुळे. हिंजवडीतला जॉब सोडून त्याने कर्लीच्या खाडीकाठी होमस्टे टाकलाय. १८ फुटी फायबरची होडी आहे, चार पाहुणे आणि चालवायला तो. पीएफचे पैसे एकदाच खर्च होणार होते. मोटर चुकली तर सीझन गेला! आणि मामाचा सवाल तर त्याहून भारी. ''संगमावरून परत येताना ओहोटी लागली आणि तुझी बॅटरी संपली, तर होडी जाईल कुठे?'' उत्तर सरळ आहे. समुद्रात.

घाई महागात पडते

आम्ही कॅल्क्युलेटर काढला. डीलरने ट्रायलला दिलेल्या मोटरच्या स्क्रीनवर दिसलं, की शांत पाण्यात ताशी ७ किलोमीटरला साधारण १ किलोवॅट लागतो. पण अशा होडीचा वेग दुप्पट करायचा तर पॉवर ढोबळमानाने आठपट लागते. शिवाय होडीच्या लांबीप्रमाणे वेगालाही मर्यादा असते. आमच्या होडीची ती ताशी १० किलोमीटरच्या आसपास. त्यापुढे मोठी मोटर लावली तरी फक्त लाटा वाढतात.

आता मामाचा सवाल. ५ किलोमीटर परत यायचंय. पाणी स्थिर असेल तर ४३ मिनिटं आणि ०.७ युनिट वीज. ओहोटीची ओढ ताशी ३ किलोमीटर असेल, तर होडी प्रत्यक्षात ताशी ४ नेच पुढे सरकते. म्हणजे ७५ मिनिटं आणि सव्वा युनिट. घाईघाईत वेग १० वर नेला, तर पुन्हा ४३ मिनिटांत पोचाल खरं, पण बॅटरीतून दोन युनिटांहून जास्त गेलेलं असेल!

म्हणजे निवडायची पहिली गोष्ट मोटर नाहीच, बॅटरी आहे. आणि तिच्याही आधी फेऱ्यांचं टाइमटेबल. भरती-ओहोटी साधारण सहा-सहा तासांनी बदलते. मामाला ती तिथीवरून तोंडपाठ. जाताना ओहोटी, येताना भरती अशी वेळ साधली, की खाडीच अर्धं काम करते. फुकटात!

शोरूममध्ये काय विचाराल?

हॉर्सपॉवर नको, वॉट सांगा. १ किलोवॅट म्हणजे हिशेबाने सव्वा हॉर्सपॉवरच्या थोडं वर. पण जाहिरातीत तीच मोटर '३ एचपीच्या तोडीची' म्हणून झळकते. हे अगदीच खोटं नसतं, कारण मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा पाणी जास्त चांगलं ढकलतो. तरी दोन मोटरची तुलना करायची तर वॉटमध्येच करा.

व्होल्टेज किती? १ किलोवॅटसाठी १२ व्होल्टला ८३ अँपिअर करंट लागतो, ४८ व्होल्टला फक्त २१. करंट कमी म्हणजे वायर बारीक आणि गरम होण्याचं टेन्शन कमी. फ्यूज मात्र बॅटरीच्या अगदी जवळ हवाच.

बॅटरी कुठली? लेड-अॅसिड स्वस्त, पण जड. टिकवायची तर निम्मीच वापरता येते. लिथियम आयर्न फॉस्फेट महाग, पण वजन निम्म्याच्या आसपास, ८०-९० टक्के वापरता येते आणि चार्जिंगच्या हजारो फेऱ्या झेलते. रोज धंदा करायचाय? मग हीच.

खारं पाणी चालतं का? काही मोटर फक्त गोड्या पाण्यासाठी असतात. खाडीसाठी झिंकचा अॅनोड हवा. तो स्वतः झिजतो आणि मोटर वाचवतो. आयपी६७ रेटिंग म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास सुरक्षित. रोज संध्याकाळी मोटर गोड्या पाण्याने धुवा. पावसाळ्यात बॅटरी अर्धी चार्ज करून कोरड्या जागी ठेवा.

मग ठरलं काय?

दिवसाला दीड-दीड तासाच्या दोन फेऱ्या, म्हणजे ३ युनिट. भावाने ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी घेतली, म्हणजे जवळपास ५ युनिट. वरचं सगळं अडीअडचणीला. मोटर ३ किलोवॅटची. रोज तिच्या एक तृतीयांश जोरावरच भागतं. उरलेला जोर वारा फिरला तर. घरच्या सॉकेटवर १ किलोवॅटचा चार्जर लावला, की पाहुणे दुपारी सोलकढी पिऊन लवंडतात तोवर सकाळच्या फेरीची वीज भरून निघते. बॅटरी ४० टक्क्यांवर आली, की जिथे असेल तिथून मागे फिरायचं, हा नियम मामाने घातलाय. वल्ही आणि नांगर होडीत कायम. त्यावर नो डिस्कशन!

आणि हो, इलेक्ट्रिक प्रत्येकासाठी नाही. खोल समुद्रात मासेमारीला जायचं असेल, किंवा दिवसभर जोरात पळायचं असेल, तर आज तरी इंजिनच बरं. तिथे लागणारी बॅटरी होडीला आणि खिशालाही झेपणार नाही. प्रवासी न्यायचे तर महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या स्थानिक कार्यालयात नोंदणी आणि परवान्याची चौकशी मोटर घेण्याआधीच करा. इंजिन बदलून मोटर लावणार असाल तरीही.

तुम्हीही मित्रांसोबत होडीत पैसे घालायच्या विचारात असाल, तर शोरूमच्या आधी एक दिवस खाडीवर काढा. होडीवाल्याला चहा पाजा. तीन आकडे लिहून घ्या : फेरा किती किलोमीटरचा, पाण्याची ओढ किती आणि उधाणाच्या दिवसांत ती किती वाढते. हा कागद पुढे केला, की सेल्समन एचपी सोडून सरळ युनिटवर येतो.