लेकराला ‘जमिनीच्या धंद्याचं’ कॉलेज निवडताना

हरभऱ्याच्या सोंगणीच्या दिवसांत आमच्या कार्यालयात माणसं येतात ती ठिबकच्या अनुदानासाठी, नाहीतर पीक विम्यासाठी. परवा जालन्याकडचे एक काका आले, त्यांच्या पिशवीतून मात्र दोन रंगीत माहितीपत्रकं निघाली. “साहेब, लेकरू बारावीला आहे. त्याला जमिनीच्या धंद्यात जायचंय. कोणत्या कॉलेजात घालू?”

एक पत्रक पुण्याकडच्या खासगी विद्यापीठाचं. बीबीए, त्यात ‘रिअल इस्टेट’ हा खास विषय, आणि फी लाखांत. दुसरं छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेजचं, साधं बीबीए. पहिल्याच्या फीसाठी काका रस्त्याकडचा अर्धा एकर काढायला निघाले होते. जमिनीचा धंदा शिकायला जमीनच विकायची!

पोराचंही खोटं नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला, जून 2025 मध्ये रस्ता मुंबईकडे पुरा झाला. त्या काळात शिवारात मोठ्या गाड्या फिरल्या. शेतकऱ्याला एकदाच पैसा मिळाला. मधल्या माणसाला दोन्हीकडून मिळाला. ते पोरानं पाहिलं.

मी कृषी पदविकेचा माणूस, बीबीए केलेलं नाही. पण दोन्ही पत्रकं नीट वाचली, चार ठिकाणी विचारलं. जे कळलं ते तुमच्याही कामाचं आहे.

आधी पोराला विचारा, तुला नक्की काय व्हायचंय? प्लॉटची दलाली करायची तर महारेराकडं एजंट म्हणून नोंदणी लागते. एकट्या माणसाला त्याची फी 10 हजार रुपये आहे. 2023 पासून प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. त्यासाठी बीबीएची अट नाही. जमिनीचं मूल्यांकन करणारा नोंदणीकृत मूल्यांकक व्हायचं असेल, तर सिव्हिल इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर किंवा नगररचनेचं शिक्षण लागतं. नुसत्या बीबीएवर भागत नाही. बिल्डरच्या कचेरीत विक्री, हिशेब, कर्जप्रकरणं, किंवा मोठ्या कंपनीत जागा भाड्यानं देण्या-घेण्याचं काम, हे बीबीएवाल्याचं. तिथं मात्र शहरातलं कॉलेज उपयोगी पडतं, कारण उमेदवारी तिथंच मिळते. पत्रकावरची इमारत बघू नका. मागच्या वर्षीची पोरं कोणत्या कंपनीत उमेदवारीला गेली ते विचारा, आणि दोघा-तिघांचे फोन नंबर मागा. नंबर देत नसतील तर समजून घ्या.

2024-25 पासून बीबीए, बीएमएस हे कोर्स अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याची सीईटी लागू झाली. तेव्हा काही कॉलेजांनी कोर्सचं नावच बदलून बी.कॉम.च्या पोटात घातलं. ती पदवी खोटी नव्हे, विद्यापीठाचीच आहे. पण फी-सवलतीचं गणित बदलतं. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिकवणी फी 2024 पासून पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश सरकारी कॅप फेरीतून हवा. खासगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं यातून वगळली आहेत. म्हणून प्रवेशाआधी त्या कॉलेजचं आणि त्याच कोर्सचं नाव महाडीबीटीवर आहे का, ते पाहून घ्या. काकांची धाकटी अकरावीला आहे. तिचं पत्रक कुणी आणलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा काका हसले फक्त.

आता खास विषयाचं. पत्रकात ‘भूमी कायदे’ असा एक पेपर होता. पण कोणते? पश्चिम महाराष्ट्रात 1948 चा कूळ कायदा, आपल्या मराठवाड्यात हैदराबादचा 1950 चा, विदर्भात आणखी वेगळा. वर्ग-2 ची जमीन म्हणजे काय, फेरफार कुठं अडतो, 1947 च्या तुकडेबंदीत काय बसतं, हे ज्याला कळत नाही त्याच्या पदवीला इसार पावतीपुढं किंमत नाही. हे शिकायला काकांच्या घरची पत्र्याची पेटी पुरे. त्यात तीन पिढ्यांचे सातबारे आहेत. पोरानं सुट्टीत ते वाचावेत, एक मोजणी उभं राहून बघावी.

माझं मत विचाराल तर सीईटी द्यावी, कॅपमधून संभाजीनगरला प्रवेश घ्यावा, अर्धा एकर ठेवावा. वाचलेल्या पैशातून इंग्रजी बोलण्याचा आणि संगणकाचा चांगला क्लास लावावा. मुंबई-पुण्याच्या कंपनीचंच ज्याच्या डोक्यात आहे आणि ज्याच्या बापाला कर्ज झेपतं, त्यानं पुण्याचा विचार जरूर करावा, मी अडवणार नाही.

सरपंच आणि महसूल अधिकारी मंडळींना एक विनंती. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेअर हे कागद निकालानंतर मागायला पोरं पळतात, आणि सेतूवर रांग लागते. चावडीवर आत्ताच फळा लिहा. जात वैधतेला तर महिने जातात.

काकांच्या पोरानं सीईटीचा फॉर्म त्याच संध्याकाळी भरला. अर्ध्या एकराची बोलणी मात्र काकांनी अजून मोडलेली नाहीत. गिऱ्हाईक पुन्हा रविवारी येणार आहे म्हणे.