तुटलेलं बोट जोडताना: एक मिलिमीटरचं शिवणकाम

समजा, करवतीत सापडून कुणाचं बोट पूर्ण तुटलं. ते परत जोडताना सर्वांत अवघड काय असेल? हाड नव्हे. ते तारेने किंवा स्क्रूने बसवता येतं. बोट जगणार की नाही, हे ठरतं रक्तवाहिन्यांवर. धमनी जोडली नाही तर रक्त पोहोचत नाही, शीर जोडली नाही तर आलेलं रक्त साचून बोट काळंनिळं पडतं. आणि या नळ्या असतात जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या!

शिवताना एक टाका चुकून समोरच्या भिंतीत गेला, की नळी बंद. यावर फ्रेंच सर्जन अलेक्सी कॅरेल यांनी 1902 मध्ये सोपी युक्ती मांडली. नळीच्या तोंडावर समान अंतरावर तीन टाके घालून ते ताणायचे. गोल तोंडाचा त्रिकोण होतो, आणि सरळ कडा शिवणं सोपं जातं. रक्तवाहिन्या जोडण्याच्या आणि अवयवरोपणाच्या कामासाठी त्यांना 1912 चं नोबेल मिळालं. पुढे सूक्ष्मदर्शक आला, आणि 1965 मध्ये जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा जोडला.

त्याहून बारीक नळ्यांपाशी मात्र माणसाच्या हाताचा नैसर्गिक कंपच आड येतो. इथे नेदरलँड्समध्ये आइंडहोवनच्या मायक्रोशुअर कंपनीने त्यासाठी 'मुसा' हा रोबो बनवला. तो स्वतः शस्त्रक्रिया करत नाही. सर्जनच्या हालचाली तो लहान करतो आणि त्यातला कंप गाळतो. मास्ट्रिख्टच्या रुग्णालयात 2017 मध्ये तो प्रथम रुग्णांवर वापरला गेला. स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांनंतर ज्यांचा हात सुजतो, अशा स्त्रियांच्या 0.3 ते 0.8 मिलिमीटरच्या लसीकावाहिन्या शिरांना जोडण्यासाठी. 20 जणींच्या त्या पहिल्या चाचणीत रोबोला हातापेक्षा जास्त वेळ लागला. पण इतकं बारीक काम त्याला जमतं, हे सिद्ध झालं.

सर्जनच्या आधीचं काम मात्र तुमच्या-आमच्याकडे असतं. जखम स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि 112 ला फोन करा. तुटलेलं बोट ओलसर, स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, कारण गोठलेल्या पेशी फुटतात. नीट थंड ठेवलेलं बोट बरेच तास टिकतं. मनगटाच्या वर तुटलेल्या हातात स्नायू जास्त असतात, म्हणून तिथे वेळ फारच कमी मिळतो.