गर्भाशयमुखाचा कर्करोग : रोगाआधीची पंधरा वर्षे

तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शी आणि मुंबई येथील कर्करोग रुग्णालयांतील डॉक्टरांचा त्यात पुढाकार होता. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे गावांनुसार चार गट केले. तीन गटांतील स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी प्रत्येकी एका पद्धतीने, एकदाच तपासणी करायची होती. चौथ्या गटाला नेहमीच्याच आरोग्यसेवा मिळणार होत्या.

२००९ साली आठ वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची तपासणी झालेल्या गटात १२७ जणींना कर्करोग आढळला, तर चौथ्या गटात ११८ जणींना. मग तपासणीचा उपयोग काय? पुढचे आकडे पाहा. दुसऱ्या किंवा त्यापुढील अवस्थेतील रोग पहिल्या गटात ३९ जणींना होता, चौथ्यात ८२ जणींना. मृत्यू पहिल्या गटात ३४, चौथ्यात ६४. दोन्ही गट जवळपास सारख्याच आकाराचे होते. रोग सापडला तितकाच. पण वेळेवर सापडला, म्हणून मृत्यू निम्म्यावर आले.

विषाणू काय करतो?

या कर्करोगाचे कारण ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. हातापायांवर चामखीळ आणणारे विषाणू याच कुळातले. त्याच्या दोनशेहून अधिक प्रकारांपैकी सुमारे चौदा धोक्याचे आहेत. त्यांतील १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार सुमारे ७० टक्के रुग्णांच्या आजाराला कारणीभूत ठरतात. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी १९८३-८४ मध्ये हे दोन प्रकार शोधले. त्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या पेशींत अमर्याद विभाजन रोखणारी प्रथिने असतात. धोक्याच्या एचपीव्हीची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिने त्यांतील दोन महत्त्वाच्या प्रथिनांना निकामी करतात. गाडी चालू राहते, ब्रेक मात्र जातात. तरीही कर्करोग लगेच होत नाही. बहुतेक स्त्रियांत शरीराची प्रतिकारशक्ती एक-दोन वर्षांत या विषाणूचा बंदोबस्त करते. थोड्याजणींत तो टिकून राहतो आणि पेशींत हळूहळू बदल घडवतो. त्यांचा कर्करोग व्हायला साधारणपणे पंधरा ते वीस वर्षे लागतात. या काळात स्त्रीला काहीच त्रास जाणवत नाही. पण बदललेला भाग गोठवून किंवा काढून टाकला, तर कर्करोग टळतो.

तीन तपासण्या

पहिली, पॅप तपासणी. गर्भाशयमुखावरच्या पेशी हलक्या हाताने खरवडून घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दुसरी अगदी साधी. गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच, लावून मिनिटभर थांबतात. दुधात लिंबू पिळल्यावर प्रथिने साकळतात, तसेच काहीसे इथे घडते. बदललेल्या पेशींत प्रथिने जास्त असल्याने तो भाग पांढरा दिसतो. मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून ही तपासणी दर दोन वर्षांनी करून घेतली, तेव्हा या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

तिसरी तपासणी खुद्द विषाणूच्या डीएनएची. पहिल्या दोन तपासण्या ‘आज बदल झाला आहे का’ एवढेच विचारतात आणि पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतात. तिसरी रोगाच्या कारणाचाच शोध घेते. त्यामुळे विषाणू न आढळलेली स्त्री पुढील काही वर्षे जवळजवळ निर्धास्त असते. धाराशिवमध्ये एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू लक्षणीय कमी झाले, ते याच गटात.

विषाणू आढळला म्हणजे कर्करोग झाला, असे मात्र नाही. त्याचा अर्थ पुढची तपासणी हवी, इतकाच. त्यावरून चारित्र्याबद्दलही काही ठरत नाही. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हातरी गाठतोच. तो कधी आणि कोणाकडून आला, हे सांगता येत नाही.

आपल्यापुढचे काम

२०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १,२७,००० स्त्रियांना हा रोग होतो आणि सुमारे ८०,००० दगावतात. मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयोगटातील शंभरपैकी दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती. ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी प्रतिबंधक लस आहे. पुण्यात तयार झालेल्या लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. परंतु झालेला संसर्ग लस घालवत नाही. म्हणून मुलीला लस आणि तिशी ओलांडलेल्या आईला तपासणी, अशी दोन्ही कामे हवीत.

पालकसभेला येणाऱ्या बहुतेक माता याच वयाच्या असतात. शिक्षिकांपैकीही अनेकजणी असतात. काही त्रास नाही, तर तपासणी कशाला, असा प्रश्न त्या विचारतील. त्रास नसतो तोच काळ तपासणीचा असतो, हे त्यांना समजावून सांगावे आणि शिक्षिकांनी स्वतःही तपासून घ्यावे.